टीव्हीचा आवाज होम थिएटरच्या स्पीकरमधून कसा आणायचा

होम थिएटर घरी येतं. पाच स्पीकर आपापल्या जागी बसतात, सब-वूफर कोपऱ्यात जातो, ब्लू-रेवरचा एखादा सिनेमा लावला की खिडकीच्या काचा थरथरतात. संध्याकाळी घरातलं कुणीतरी रोजच्यासारख्या बातम्या लावतं, आणि आवाज येतो तो टीव्हीच्या पाठीला चिकटलेल्या दोन बारक्या स्पीकरमधून. एवढे पैसे घालून आणलेली यंत्रणा शेजारी गप्प बसलेली असते.

"सगळ्या वायरी तर जोडल्यात, मग टीव्हीचा आवाज का येत नाही?" हा प्रश्न मला नात्यातल्या आणि ओळखीतल्या इतक्या घरांमधून आलाय, की उत्तर एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटलं. बहुतेक वेळा यंत्रं धडधाकट असतात. चुकलेला असतो तो एक हिशेब: आवाज कुठे तयार होतो आणि त्याला कुठे जायचंय. हा हिशेब डोक्यात बसला, की टीव्ही आणि रिसिव्हर कुठल्याही कंपनीचे असोत, वाट सापडते.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे पाच स्पीकरच्या कुठल्याही संचाला होम थिएटर म्हणतात. त्यातली जी मुख्य पेटी असते ती दोन कामं करते. आलेला आवाज उलगडून कुठल्या स्पीकरला काय द्यायचं ते ठरवणं, हे प्रोसेसरचं काम. तो स्पीकर हलतील इतका जोरकस करणं, हे ॲम्प्लिफायरचं. दोन्ही कामं एकाच पेटीत असली की तिला एव्ही रिसिव्हर म्हणतात, आणि बहुतेक घरांत तोच असतो. काही हौशी लोक प्रोसेसर वेगळा आणि पॉवर ॲम्प वेगळा ठेवतात. खाली मी 'रिसिव्हर' म्हणेन, पण वेगळा प्रोसेसर असला तरी जोडणी अगदी हीच. फक्त पॉवर ॲम्प चालू आहे ना, हे आधी बघायचं. प्रोसेसरच्या पडद्यावर सगळं ठीक दिसतंय आणि खोलीत शांतता आहे, असं झालं तर पहिला संशय तिथेच.

आवाज जन्मतो कुठे?

एक कागद घ्या आणि घरात ज्या ज्या गोष्टी लावून बघता त्या लिहून काढा. त्यांचे दोन गट पडतील.

पहिल्या गटात टीव्हीच्या बाहेर तयार होणारा आवाज. डीटीएचचा सेट टॉप बॉक्स, ब्लू-रे प्लेअर, गेम खेळायचं यंत्र, फायर टीव्ही स्टिक. ही सगळी मंडळी थेट रिसिव्हरच्या एचडीएमआय इनपुटला जोडता येतात. रिसिव्हर आवाज स्वतःकडे ठेवून घेतो आणि चित्र पुढे टीव्हीकडे पाठवतो. इथे अडचण सहसा येतच नाही.

दुसऱ्या गटात टीव्हीच्या पोटात तयार होणारा आवाज. स्मार्ट टीव्हीमधलं नेटफ्लिक्स, यूट्यूब, जिओहॉटस्टार. टीव्हीलाच लावलेला पेन ड्राइव्ह. टीव्हीच्या पाठीत थेट खोचलेली अँटेनाची वायर. आणि हो, सेट टॉप बॉक्स जर तुम्ही रिसिव्हरऐवजी टीव्हीलाच जोडला असेल, तर तोही याच गटात. हा आवाज टीव्हीतून बाहेर काढून मागे, म्हणजे रिसिव्हरकडे, आणावा लागतो. आजचा सगळा खटाटोप या दुसऱ्या गटासाठी आहे.

गट पाडताना एक निर्णयही घेऊन टाका. रिसिव्हर नवा असेल तर बॉक्स, प्लेअर, स्टिक सगळं त्याच्यातच जोडा. जुना असेल, म्हणजे फोर-के चित्र पुढे जाऊ न देणारा, तर फोर-केची साधनं टीव्हीला जोडा आणि सगळा आवाज एकाच वाटेनं परत आणा. जुना रिसिव्हर चित्रासाठी थकला म्हणून टाकून देऊ नका. आवाजाच्या कामाला तो अजून अनेक वर्षं उत्तम चालतो.

परतीची वाट: आर्क

२००९ साली एचडीएमआयची १.४ ही आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर ऑडिओ रिटर्न चॅनेल आलं. दुकानात आणि मेनूत त्याला एआरसी किंवा आर्क म्हणतात. त्याआधी एचडीएमआय केबल ही एकेरी वाट होती: रिसिव्हरकडून टीव्हीकडे चित्र आणि आवाज. आर्कनं त्याच केबलमधून आवाजाला उलट दिशेनं यायची मुभा दिली. एचडीएमआयच्या डोक्यात १९ पिना असतात. त्यातली १४ नंबरची पिन तोवर राखीव, रिकामी होती. आर्कचा आवाज तिच्यावरून येतो. म्हणून फार जुनी केबल असेल तर चित्र झकास दिसतं आणि परतीचा आवाज मात्र येत नाही, कारण काही जुन्या केबलमध्ये त्या पिनेला तारच जोडलेली नसते.

२०१७ मध्ये एचडीएमआय २.१ बरोबर याचा थोरला भाऊ आला, ई-आर्क. आर्कमधून दोन चॅनेलचा, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरचा, साधा आवाज किंवा दाबून छोटा केलेला ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सब-वूफरचा, आवाज येऊ शकतो. ई-आर्कमधून सेकंदाला ३७ मेगाबिटपर्यंत माहिती येते, म्हणजे ८ चॅनेलचा न दाबलेला आवाजसुद्धा. नवशिक्यानं यावरून फार जीव टांगणीला लावू नये. नेटफ्लिक्स, प्राइम यांच्यासारख्या सेवांचा ॲटमॉस, म्हणजे वरूनही ऐकू येणारा डॉल्बीचा आवाज, हा डॉल्बी डिजिटल प्लसच्या गाठोड्यातून येतो आणि बऱ्याच टीव्हींवर तो साध्या आर्कमधूनही जातो. ई-आर्कची खरी गरज लागते ती ब्लू-रे प्लेअर टीव्हीला जोडून त्याचा पूर्ण आवाज परत आणायचा असेल तेव्हा. आणि प्लेअर रिसिव्हरलाच जोडला तर तीही लागत नाही.

जोडणी

१. टीव्ही आणि रिसिव्हर दोन्ही भिंतीवरच्या बटणावरून बंद करा. रिमोटनं बंद केलेलं यंत्र पूर्ण बंद नसतं. हे का, ते पुढे येईल.

२. टीव्हीच्या मागे किंवा कडेला एचडीएमआयचे दोन, तीन, चार पोर्ट असतील. त्यातल्या एकावरच एआरसी किंवा ई-एआरसी असं छापलेलं असतं. तो पहिलाच असेल असं समजू नका, दुसरा किंवा तिसराही असतो. भिंतीला टांगलेल्या टीव्हीमागे डोकं घालता येत नसेल तर मोबाइल आत सरकवून फोटो काढा, अक्षरं स्पष्ट वाचता येतात.

३. आता रिसिव्हरची पाठ. इथेच सगळ्यात जास्त गाडी घसरते. रिसिव्हरवर इनपुटची लांबच लांब रांग असते, आणि थोडा बाजूला एक किंवा दोन आउटपुट. टीव्हीकडे जाणारी केबल त्या आउटपुटमध्येच लागली पाहिजे. मनात असं येतं, की आवाज टीव्हीतून रिसिव्हरमध्ये 'आत' यायचाय, म्हणजे केबल इनपुटला लावायला हवी. आमच्या मावशीच्या घरी याच तर्कानं दोन दिवस गेले होते. परतीचा आवाज आउटपुटच्या पोर्टमधूनच आत येतो. दोन आउटपुट असतील तर ज्यावर एआरसी लिहिलंय तो, बहुधा 'मॉनिटर १'.

४. केबल फार महाग घेऊ नका. तीन मीटरच्या आत 'हाय स्पीड विथ इथरनेट' लिहिलेली साधी, चांगल्या बनावटीची केबल आर्कला पुरते. नवीच घ्यायची असेल तर 'अल्ट्रा हाय स्पीड' घ्या, म्हणजे पुढच्या टीव्हीलाही चालेल. लांब अंतरासाठी मिळणाऱ्या प्रकाशतंतूच्या एचडीएमआय केबलला दिशा असते. 'सोर्स' लिहिलेलं टोक रिसिव्हरला आणि 'डिस्प्ले' लिहिलेलं टीव्हीला. ती घेताना आर्क चालतं का, हे खोक्यावर वाचूनच घ्या.

५. दोन्ही यंत्रं चालू करा. टीव्हीच्या मेनूत जाऊन सीईसी चालू करा. सीईसी म्हणजे एचडीएमआयनं जोडलेल्या यंत्रांची आपसातली बोली. आर्क सुरू करायचं का, हे टीव्ही आणि रिसिव्हर याच बोलीत ठरवतात. गोंधळ असा, की बऱ्याच मोठ्या कंपन्या याला सरळ सीईसी म्हणत नाहीत. सॅमसंगवर ते एनीनेट प्लस, एलजीवर सिंपलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिकवर व्हिएरा लिंक, फिलिप्सवर ईझीलिंक. बऱ्याच अँड्रॉइड टीव्हींवर एचडीएमआय कंट्रोल किंवा सरळ सीईसी असं सापडेल.

६. हेच रिसिव्हरमध्ये. डेनॉन, मरांट्झ आणि यामाहावर 'एचडीएमआय कंट्रोल', सोनीवर 'कंट्रोल फॉर एचडीएमआय'. शेजारी एआरसीची वेगळी ओळ असेल तर तीही चालू करा. पुष्कळ रिसिव्हरमध्ये ही सेटिंग कारखान्यातून बंद येते. हात लावल्याशिवाय ती चालू होत नाही, हे फार जणांना माहीतच नसतं.

७. आता टीव्हीच्या साउंड मेनूत 'साउंड आउटपुट' शोधा आणि 'टीव्ही स्पीकर' बदलून 'रिसिव्हर', 'एचडीएमआय एआरसी' किंवा 'ऑडिओ सिस्टिम' निवडा. नाव कंपनीप्रमाणे बदलतं, अर्थ एकच.

८. शेवटी रिसिव्हरवर 'टीव्ही ऑडिओ' किंवा नुसतं 'टीव्ही' हे इनपुट निवडा. सगळं जुळलं असेल तर ते आपोआप निवडलं जातं.

आवाज आला? मग टीव्हीच्याच रिमोटनं कमी-जास्त करून बघा. आकडा रिसिव्हरच्या पडद्यावर हलला पाहिजे. तो हलला म्हणजे सीईसीही नीट बोलतंय.

आला नाही तर

आधी दोन्ही यंत्रांचे प्लग सॉकेटमधून काढा, पाच मिनिटं चहा घ्या, मग आधी टीव्ही आणि नंतर रिसिव्हर चालू करा. हा तोडगा पोरकट वाटतो, पण त्यामागे कारण आहे. दोन यंत्रांनी एकमेकांची ओळख एकदा चुकीची करून घेतली की ती चूक त्यांच्या लक्षात राहते, आणि रिमोटनं बंद-चालू करून पुसली जात नाही. जोडणी बरोबर असूनही आवाज येत नाही तेव्हा मी सेटिंग उलटीपालटी करण्याआधी हेच करतो.

तरीही शांतता, किंवा नुसतीच खरखर? मग टीव्हीच्या साउंड मेनूत 'डिजिटल साउंड आउट' किंवा 'डिजिटल आउटपुट ऑडिओ फॉरमॅट' अशा नावाची ओळ शोधा आणि तिथे पीसीएम निवडा. पीसीएम म्हणजे कुठलंही गाठोडं न बांधलेला उघडा आवाज. तो प्रत्येक रिसिव्हरला कळतो. पीसीएमवर आवाज आला, म्हणजे केबल बरोबर, पोर्ट बरोबर, आर्क चालू. दोष राहिला तो फक्त भाषेचा: टीव्ही ज्या गाठोड्यात आवाज पाठवत होता ते तुमच्या रिसिव्हरला सोडता येत नव्हतं. आता एक-एक करून 'ऑटो', 'डॉल्बी डिजिटल', 'पास-थ्रू' (आवाज न उलगडता जसाच्या तसा पुढे पाठवणं) असे पर्याय लावून बघा आणि प्रत्येक वेळी रिसिव्हरच्या पुढच्या पडद्यावर काय उमटतं ते वाचा. पीसीएम, डॉल्बी डी, डीडी प्लस, ॲटमॉस, जे आत येतं त्याचं नाव तिथे दिसतं. ही पाटी वाचायची सवय लावून घ्या. कानापेक्षा ती जास्त खरं सांगते.

पीसीएमवरच थांबलात तर मात्र साध्या आर्कमधून दोनच चॅनेल येतील. पुष्कळ घरांत पाचही स्पीकर वाजत असतात आणि मालक खुश असतो, पण पडद्यावर पीसीएम दिसत असतं, म्हणजे रिसिव्हर दोन चॅनेलचेच पाच करून वाजवतोय. खरा ५.१ ऐकायचा तर पाटी बदलायला हवी.

पेन ड्राइव्हवाल्यांची तक्रार वेगळी असते. यूट्यूबचा आवाज येतो, पण पेन ड्राइव्हवरच्या काही सिनेमांचं चित्र दिसतं आणि आवाज शून्य. बहुधा त्या फाइलमधला आवाज डीटीएस प्रकारचा, म्हणजे डॉल्बीसारख्याच दुसऱ्या एका गाठोड्यातला, असतो. सॅमसंगनं २०१८ पासून आणि एलजीनं २०२० पासून आपल्या टीव्हींमधून डीटीएस काढून टाकलं. एलजीनं २०२३ च्या काही मॉडेलमध्ये ते परत आणलं. टीव्हीलाच ती भाषा कळत नसेल तर तो ती रिसिव्हरपर्यंत पोचवणार तरी कशी? अशा फाइली रिसिव्हरला जोडलेल्या ब्लू-रे प्लेअरवर किंवा मीडिया प्लेअरवर चालवा.

नेटफ्लिक्सवर ॲटमॉसचं चिन्हच दिसत नसेल तर वायरी तपासत बसण्याआधी आपली वर्गणी कुठली ते बघा. तिथे ॲटमॉस फक्त प्रीमियम योजनेत मिळतो.

आर्क नसलेला टीव्ही, एचडीएमआय नसलेला रिसिव्हर

अशा घरांसाठी ऑप्टिकल केबल आहे. तोशिबानं १९८३ मध्ये काढलेली ही पद्धत अजून टिकून आहे, आणि मला तिच्याबद्दल फार आपुलकी आहे, कारण तिला ना ओळखपाळख लागते ना सीईसी. टीव्हीच्या 'डिजिटल ऑडिओ आउट ऑप्टिकल' या चौकोनी भोकाला एक टोक, रिसिव्हरच्या 'ऑप्टिकल इन'ला दुसरं. टीव्ही चालू असताना मोकळ्या टोकातून लाल उजेड दिसला पाहिजे. नव्या केबलच्या दोन्ही टोकांवर बारीक पारदर्शक टोप्या असतात. त्या काढायच्या राहून जातात आणि केबल काही केल्या आत बसत नाही, तेव्हा जोर लावू नका, आधी टोपी बघा. केबल काटकोनात मुडपूही नका, आतला तंतू दुखावतो.

रिसिव्हरला मात्र सांगावं लागतं, की 'टीव्ही' हे इनपुट निवडल्यावर ऑप्टिकलचं अमुक भोक ऐक. ही सोय 'इनपुट असाइन' नावाच्या मेनूत असते. टीव्हीत 'साउंड आउटपुट' ऑप्टिकल करा.

ऑप्टिकलमधून डॉल्बी डिजिटल ५.१ येतो. डॉल्बी डिजिटल प्लस येत नाही, म्हणून ॲटमॉसही नाही. बहुतेक टीव्हींवर आवाज कमी-जास्त करायला रिसिव्हरचा रिमोट हातात ठेवावा लागतो. बातम्या, मालिका आणि क्रिकेट एवढंच बघणाऱ्या घराला याहून जास्त काही लागत नाही, आणि आर्क सारखं रुसत असेल तर नवा टीव्हीसुद्धा मी बेधडक ऑप्टिकलवर टाकतो.

तेही भोक नसेल, तर टीव्हीच्या हेडफोनच्या भोकापासून लाल-पांढऱ्या पिनांपर्यंतची वायर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. ती रिसिव्हरच्या 'ऑक्स' किंवा 'सीडी' लिहिलेल्या जागी लावा. 'फोनो' लिहिलेल्या जागी कधीच नाही. ते इनपुट तबकडीच्या सुईतून येणाऱ्या अगदी क्षीण आवाजासाठी असतं, टीव्हीचा आवाज तिथे फाटून येईल. हेडफोनच्या वाटेनं आलात तर टीव्हीचा आवाज पाऊणच्या आसपास स्थिर ठेवा आणि पुढचं रिसिव्हरवर करा.

शब्द कळले पाहिजेत

माझ्या वडिलांनी मालिका बघणं जवळजवळ सोडलं होतं. आवाज मोठा केला की पार्श्वसंगीत अंगावर यायचं, शब्द तरीही कळत नव्हते. त्यांना वाटायचं कान गेले. टीव्हीचा आवाज रिसिव्हरमधून आणला, मधल्या स्पीकरची पातळी तीन डेसिबलनं वाढवली, आणि त्या रात्री ते शेवटपर्यंत बसले. म्हणून हा भाग मला जोडणीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

सिनेमाच्या ५.१ आवाजात बहुतेक संवाद मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमध्ये असतात. आपल्या बऱ्याच मराठी वाहिन्या मात्र दोन चॅनेलचाच आवाज देतात. तो रिसिव्हरनं जसाच्या तसा 'स्टिरिओ'त वाजवला, तर सेंटर स्पीकर मुका राहतो. 'डॉल्बी सराउंड', जुन्या रिसिव्हरवर 'प्रो लॉजिक २', किंवा 'न्यूरल एक्स' हा मोड लावा. डाव्या आणि उजव्या चॅनेलमध्ये जे सारखं आहे ते वेगळं काढून हा मोड मधल्या स्पीकरला देतो, आणि संवाद दोन्हीकडे सारखेच असतात. 'ऑल चॅनेल स्टिरिओ' टाळा. त्यात सगळीकडून सगळं वाजतं आणि शब्द आणखी बुडतात. सेंटर स्पीकर टीव्हीखालच्या कप्प्यात खोल ढकललेला असेल तर तो कडेपर्यंत पुढे ओढा आणि बसणाऱ्याच्या कानाकडे थोडा वर वळवा. याला खर्च शून्य.

रात्री घरचे झोपल्यावर ऐकणाऱ्यांनी 'डायनॅमिक व्हॉल्यूम' किंवा 'नाइट मोड' शोधावा. कुजबुज वर येते, स्फोट खाली बसतात.

ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे

टीव्ही चित्रावर बरीच रंगरंगोटी करतो आणि त्यात वेळ जातो. आवाज आधी पोचत असेल, तर रिसिव्हरमधला 'ऑडिओ डिले' किंवा 'लिप सिंक' दहा-वीस मिलिसेकंदांनी वाढवत न्या. बातम्या वाचणाऱ्याचा चेहरा बघत हे करा, सिनेमावर नको. डब केलेल्या सिनेमात ओठ मुळातच जुळत नाहीत.

आवाज चित्रानंतर उशिरा येत असेल तर रिसिव्हरला काहीच करता येत नाही. तो थांबवू शकतो, पुढे ओढू शकत नाही. मग रिसिव्हरचा डिले शून्यावर आणा, टीव्हीतला डिलेही शून्यावर आणा, फॉरमॅट 'पास-थ्रू' करून बघा. सेट टॉप बॉक्स टीव्हीला जोडलेला असेल तर तो रिसिव्हरला जोडा.

घुमणारा आवाज, झिणझिण्या आणि वीज

स्पीकरमधून सतत बारीक घूंऽऽ असा आवाज येत असेल, तर टीव्हीच्या पाठीतली केबलवाल्याची किंवा डिशची गोल वायर काढून बघा. घूं थांबला, तर विजेची गळती त्या वायरीतून येतेय. गच्चीवरून येणाऱ्या त्या वायरीचं आणि तुमच्या घराचं अर्थिंग वेगवेगळं असलं की दोघांमधला फरक स्पीकरमधून ऐकू येतो. ऑप्टिकल केबल ही यावरची सगळ्यात सोपी मात्रा, कारण तिच्यात उजेड वाहतो, वीज नाही. पण ऑप्टिकल लावून अर्थिंगचा प्रश्न सुटत नाही, फक्त ऐकू येणं थांबतं. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं आणि मागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. रिसिव्हरच्या पत्र्याला बोट लावल्यावर झिणझिण्या आल्या तर वायरमनला बोलावून आधी ते तपासून घ्या. आणि घूं घालवायला अर्थिंगची पिन मोडण्याचा सल्ला कुणी दिला तर तो अजिबात ऐकू नका.

पहिल्या पायरीत भिंतीवरचं बटण बंद करायला सांगितलं ते यासाठीच. यंत्रं चालू असताना एचडीएमआय खोचली की ही गळती त्या नाजूक पिनांमधून धावू शकते आणि पोर्ट जळू शकतो. वळवाच्या दिवसांत, ढग गडगडायला लागले की टीव्ही, रिसिव्हर आणि सेट टॉप बॉक्सचे प्लग काढाच, आणि डिशची वायरही बॉक्समधून काढा. नुसते प्लग काढून ती वायर तशीच ठेवली तर विजेला गच्चीवरून आत यायला वाट उरते. सगळं एचडीएमआयनं एकमेकांना बांधलेलं असतं, त्यामुळे एक गेलं की दुसरंही जातं.

फर्निचर करत असाल तर

टीव्हीमागचा पाईप सुतारानं आणि वायरमननं बंद करण्याआधी तो किमान ५० मिलिमीटरचा आहे ना, ते बघा. एचडीएमआयचं डोकं नेहमीच्या बारीक पाईपातून, विशेषतः कोपऱ्यावर, जात नाही. आत एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा. एचडीएमआयबरोबर एक ऑप्टिकल केबलही आत्ताच घालून टाका. पुढे भिंत फोडण्यापेक्षा ती कितीतरी स्वस्त.

सगळं वाजायला लागलं की दोन्ही यंत्रांच्या पाठीचे आणि सेटिंगच्या पानांचे फोटो काढून ठेवा, आणि टीव्ही युनिटच्या दाराला आतून एक चिठ्ठी चिकटवा. आमच्याकडची अशी आहे:

टीव्हीच्याच रिमोटनं टीव्ही लावायचा. अर्धा मिनिट थांबायचं, रिसिव्हर आपोआप सुरू होतो.
आवाज आला नाही तर रिसिव्हरच्या रिमोटवरचं 'टीव्ही' बटण एकदा दाबायचं.
तरी नाही आला तर दोन्ही प्लग काढून पाच मिनिटं थांबायचं. आधी टीव्ही, मग रिसिव्हर.
मॅच सुरू झाली असेल आणि वेळ नसेल तर: साउंड, साउंड आउटपुट, टीव्ही स्पीकर. बाकी रात्री बघू.